व्हॅम्पायरला मुराळी लागतो

माझ्या आईच्या कानावर व्हॅम्पायर हा शब्द पहिल्यांदा पडला तेव्हा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा लावून ती आमच्या नगरजवळच्या नागापूरच्या घरात पलंगावर मांडी घालून बसलेली असायची आणि कंटाळ्याने तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा. टीव्ही बंद, मोबाईल बंद, गॅसपुढे जायचं नाही, खाली वाकायचं नाही. त्यात मुक्काम जावयाच्या घरी, म्हणजे तिच्या हिशेबाने कैदच. मी कंपनीतून आले की ती दिवसभराचं साचलेलं सगळं बोलून टाकायची, आणि तेही संपलं की माझ्यावर घसरायची.

"तू सारखं मोबाईलमधी डोकं घालून काय वाचती गं?"

"गोष्ट आहे."

"कशाची?"

"प्रेमाची."

"मग वाच की मोठ्यानं. डोळ्याचं आप्रेशन झालंय, कानाचं न्हाई."

आता आली का पंचाईत! मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दिवसभर गेज लावून लोखंडी पार्ट तपासते, आणि जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी मोबाईल उभा करून व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फच्या प्रेमकादंबऱ्या वाचते. चाळिशी ओलांडलेल्या बाईने हे चारचौघांत सांगायचं नसतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता नाही वाटत. उलट आता मी ज्याला त्याला धरून सांगते, वाचा म्हणून.

ज्यांनी हा प्रकार कधी हातात घेतलेला नाही, त्यांना आधीच सांगून टाकते: ह्या भुताच्या गोष्टी नव्हेत. भीती इथे तोंडी लावण्यापुरती, खरं जेवण प्रेमाचं. व्हॅम्पायर म्हणजे शेकडो वर्षं जगलेला, देखणा, बर्फासारख्या हातांचा माणूस, जो रक्तावर जगतो. त्याला ऊन सोसत नाही, लसूण चालत नाही, क्रूस बघवत नाही. वेअरवुल्फ म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस. तापट, अंगाने गरम, कळपाला धरून राहणारा, आणि एकदा जीव लावला की जन्मभर न सोडणारा. दोघांचं आपसात हाडवैर. मधे एक बाई, बहुतेक वेळा साधीच, आपल्या कामात बुडालेली. आणि प्रश्न असा की ज्याच्यापासून आपल्या जिवाला धोका, त्याच्यावरच जीव जडला तर माणसाने करायचं काय? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हेच, आणि तरी दर वेळी मी रात्र जागून संपवते!

नियम प्रत्येक कादंबरीत थोडे इकडेतिकडे होतात, पण माझा सगळ्यात आवडता नियम बहुतेक ठिकाणी सापडतो. घरातल्या माणसाने आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही. अंगात दहा जणांचं बळ असलेला तो, दार सताड उघडं असलं तरी बाहेर उभा राहतो. त्याला कुणीतरी 'आत ये' म्हणावं लागतं.

हा नाद मला लावला माझ्या ताईने. ती श्रीरामपूरला नर्स आहे. कॉलेजात असताना तिने एका ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरवलं, आणि आमच्या ऊसवाल्या घरात जे व्हायचं ते झालं. बाबा म्हणाले, पुन्हा ह्या घरात पाय ठेवायचा नाही. तिने नाही ठेवला. दाजी शाळेत मास्तर झाले, ताईच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, बाबा वारले, तरी नाही. बाबांच्या दहाव्याला ती आणि दाजी नदीवर आले होते. लांब, बाभळीखाली उभे राहिले, आणि सगळं उरकल्यावर तिथूनच माघारी गेले. तेव्हापासून आई तिचा विषय काढत नसे आणि दुसऱ्या कुणाला काढू देत नसे.

मी आणि ताई मात्र रोज फोनवर बोलायचो. सासर, पगार, गुडघेदुखी, आणि मग तासभर व्हॅम्पायर. तिने वाचून संपवलेली कादंबरी ती मला पाठवायची. माझी तेव्हा एकच इच्छा होती, आईने ताईला एकदा, एकदाच घरी बोलवावं. आई सत्तरीच्या पुढे गेली होती आणि मला ह्या एका गोष्टीची धास्ती बसली होती की हे राहूनच जाईल.

तर, आईला वाचून दाखवायला घेतलेली कादंबरीही ताईनेच पाठवलेली होती. इंग्रजी वाचत वाचत मी तिचं मराठी करायची, आणि ते मराठी करता करता गावाकडचंच होऊन जायचं. एका थंड डोंगराळ गावात एक बाई पावाची भट्टी चालवते. रोज दिवस मावळला की एक उंच, गोरा, कमी बोलणारा माणूस तिच्या खिडकीशी येतो आणि एक पाव विकत घेऊन जातो.

"बायको न्हाई वाटतं त्याला," आई म्हणाली.

"नाही. आणि तो पाव खातही नाही. व्हॅम्पायर आहे तो. रक्त पितो."

मला वाटलं आता ती मोबाईल हिसकावून घेणार. पण आईचा प्रश्न वेगळाच होता.

"मग त्या पावाचं काय करतो?"

"गावातल्या एका म्हाताऱ्याच्या दारात ठेवतो."

आईने मान डोलावली. "मंग ठीक हाय. वाच फुडं."

त्या दिवसापासून आमच्या घरात धमाल सुरू झाली. मी दारात गाडी लावते न लावते तोच आतून आवाज यायचा, "आली का? हातपाय धू आन बस!" डोळ्यांत थेंब टाकायचे, चहा घ्यायचा आणि वाचायला बसायचं. माझा नवराही आधी हसला, मग पेपर चाळायचं सोंग करत तिथेच बसू लागला. आईने व्हॅम्पायरचं नाव 'गोरा' ठेवलं. लसणाचा नियम सांगितला तेव्हा तर ती पोट धरून हसली. "मंग आपल्याकडं त्याची उपासमारच! चटनीत लसूण, ठेच्यात लसूण, फोडनीत लसूण. नगर जिल्ह्यात काय ह्याचा टिकाव लागायचा न्हाई."

मधल्या भागात वेअरवुल्फ आला. भट्टीला लाकडं पुरवणारा जंगलातला गडी. मला धाकधूक होती, कारण लांडगा म्हणजे आमच्याकडे पुस्तकातलं जनावर नव्हे. पण आई सरसावूनच बसली. तिच्या लहानपणी कर्जतकडची मेंढरं खतासाठी शेतात बसायला यायची. त्यातल्या एका धनगरणीने तिला सांगितलं होतं की लांडग्याने एखादं कोकरू नेलं तर त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, त्यालाही पोरंबाळं आहेत, त्याचा वाटा असतो.

"ह्यो केसाळ्या चांगला हाय," आईने निकाल दिला. "जेवतो तरी. भावकी धरून ऱ्हातो. बिबट्या असता तर म्या न्हाईच म्हनले असते. उसात बसून ऱ्हातो मेला. पन लांडग्याला रीत असती."

"म्हणजे तिने केसाळ्याशी लग्न करावं?"

"तसं न्हाई गं. तिचा जीव गोऱ्यावर हाय. दिसतंय की."

मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईला फोन करून हे सगळं ऐकवलं. ती इतकी हसली की तिच्या वॉर्डातल्या बाया बघायला आल्या. मग म्हणाली, "अजून काय म्हणाली आई?" ती रोज हेच विचारायची. कादंबरी निमित्ताला होती, हे मला कळत होतं.

आणि मग क्रूसाचा प्रसंग आला. गोरा प्रार्थनाघराच्या फाटकाशी येतो, वरचा क्रूस बघून चेहरा फिरवतो आणि लांबच्या वाटेने जातो. मी वाचून पुढे गेले, पण आईने हात वर केला.

"थांब. म्हंजे क्रूस असंल तिथं ह्यो जात न्हाई?"

"नाही."

"दारावर असला तरी?"

"तरी नाही."

आईने चष्म्याच्या आतून भिंतीकडे बघितलं. "मंग तुझ्या बहिनीला काय भ्या न्हाई म्हन. तिच्या दारावर असंलच की."

इतक्या वर्षांनी! 'तुझी बहीण' हे दोन शब्द आईच्या तोंडून कधी निघाले नव्हते, आणि आज तिने ते चहाच्या कपासारखे सहज खाली ठेवले. नवऱ्याने पेपर डोळ्यांपुढे धरला. मी एवढंच म्हणाले, "आहे. लाकडाचा आहे. दाजींनी स्वतः केलाय." आई म्हणाली, "बरं." आणि पुढे वाच म्हणून हात हलवला.

उंबऱ्याचा नियम तिला समजावायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. बोलावल्याशिवाय येत नाही म्हटल्यावर ती चटकन म्हणाली, "म्हंजे त्याला मुराळी लागतो."

मी टाळीच वाजवली. आमच्याकडे सणाला माहेरी जायचं तर लेक आपली आपण उठून जात नाही. माहेरचा माणूस तिला न्यायला येतो, बहुतेक करून भाऊ, आणि त्याला म्हणतात मुराळी. तो आला म्हणजे माहेराला आपली आठवण आहे, असा मान. आम्हाला भाऊ नाही, म्हणून नागपंचमीला बाबा यायचे मला न्यायला, एसटीने, हातात पिशवी घेऊन. ताईकडे ते कधी गेले नाहीत. ही जी बाहेर उभं राहण्याची गोष्ट परदेशातल्या लेखकांना सुचली, ती आमच्या प्रत्येक बाईला आतून ठाऊक आहे! मला इतका आनंद झाला की मी तो विचार लगेच ताईला सांगितला.

ताई ह्या वेळी हसली नाही.

"तिने तसं म्हटलं?"

"अगदी तसंच. मुराळी लागतो म्हणाली."

"मग सांग तिला," ताई म्हणाली, "लई वर्षं वाट बघितली की माणसाची इच्छा मरते. आता मुराळी आला तरी मी नाही जायची." आणि तिने फोन ठेवला.

आई एक पाऊल इकडे आली तर ताई दोन पावलं मागे सरकली, असंच मला वाटलं. ते मी आईला सांगितलं नाही. वाचत राहिले.

शेवटाच्या अलीकडचं प्रकरण आम्ही रविवारी दुपारी वाचलं. बर्फ पडतंय. भट्टी बंद झालीय. गोरा नेहमीप्रमाणे खिडकीशी आला, पण आज खिडकी मिटलेली आणि दार उघडं. आत दिवा आहे, बाई टेबलाशी बसलीय, तिने दोन माणसांची ताटं मांडलीत. तो बाहेर उभा. ती आतून बघतेय. बर्फ त्याच्या खांद्यावर साचतंय आणि दोघांपैकी कुणी बोलत नाही. कसलं प्रकरण आहे ते! वाचता वाचता माझाच आवाज वर चढला.

आई तर पलंगावर गुडघ्यांवर उठली. "येडी हाय का ही? बोलाव की त्याला! ताट मांडलंय, दार उघडलंय, आन तोंड का शिवलंय हिचं?"

"तिला हा नियमच माहीत नाही ना. तिला वाटतं, दार उघडं आहे, त्याला यायचं असेल तर तो येईल."

"आन तो?"

"त्याला वाटतं, हिला मी हवा असतो तर हिने बोलावलं असतं."

आई हळूहळू खाली बसली. तिने चष्मा काढला, तेव्हा मी घाबरून म्हणाले, "आई, डोळ्यांना हात लावू नको, थेंब टाकलेत."

"न्हाई लावत," ती म्हणाली. मग चष्मा मांडीवर ठेवून म्हणाली, "मला बी तसंच वाटलं हुतं. नदीवर. म्हनलं लेक हाय, तिचं घर हाय, येईल मागनं. घरच्या घरात कुनी बोलवतं व्हय? मी म्होरं येऊन चहा टाकला. तिचा आन त्यांचा बी टाकला. कप काढून ठिवले हुते."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी एकच बाजू ऐकत आले होते, की कुणी 'घरी चल' म्हणालं नाही. आणि इकडे चुलीवर दोन कप चहा जास्तीचा होता! मला रडूही आलं आणि उठून नाचावंसंही वाटलं.

"ही गोष्ट तुला कुनी दिली?" आईने विचारलं.

"ताईने."

"वाटलंच मला." तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मंग शेवट नको वाचूस. शेवट तिच्या तोंडून ऐकीन. पंचमी कधी हाय?"

"ह्याच आठवड्यात."

"भाऊ न्हाई, बाप न्हाई. मंग मुराळी म्हनून जायाचं कुनी? म्याच जाते."

ताईला आधी फोन करते म्हटलं तर आई माझ्यावर डाफरली. मुराळी काय फोन करून जातो का, म्हणे. मला फोनवरचं ताईचं ते वाक्य आठवत होतं, 'आता मी नाही जायची'. आईला दारातून परत फिरावं लागलं तर तिचं काय होईल, ह्या विचाराने मला त्या रात्री झोप लागेना. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी चष्मा काढायचा नाही ह्या अटीवर प्रवासाला हो म्हटलं.

श्रीरामपूरच्या एसटीत आई खिडकीशी बसली. हातात पिशवी, बाबांची जुनी. शेजारी एक पोक्त बाई होती. तिने विचारलं, "आजी, कुठं निघाल्या?" झालं! आईने तिला गोऱ्यापासून सुरुवात करून सगळी कादंबरी सांगायला घेतली. मी नुसती ऐकत होते. माझ्यापेक्षा कितीतरी रंगवून सांगत होती ती. केसाळ्या आला तेव्हा पुढच्या सीटवरची दोन डोकी मागे वळली. त्या बाईला वांबोरी फाट्यावर उतरायचं होतं, ती राहुरीपर्यंत आमच्याबरोबर आली आणि उतरताना म्हणाली, "मंग बोलावलं का त्याला?" आई म्हणाली, "मलाच ठावं न्हाई अजून. आता कळंल."

राहुरीनंतर मात्र ती पिशवी मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसली. स्टँडवर उतरल्यावर तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही.

ताईचं घर मिशनच्या मागच्या गल्लीत आहे. श्रावण असून कडक ऊन पडलं होतं. दारावर तो लाकडी क्रूस. आईने मान वर करून तो नीट बघितला, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "कडी वाजीव." मी वाजवली.

ताईने दार उघडलं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. काळ्या चष्म्यातली आई बघून ती दाराला टेकलीच.

"आत ये," अखेर ताई म्हणाली. आवाज अगदी कोरडा.

आईचा पाय उचलला नाही. "म्या बसाया न्हाई आले. न्यायाला आले तुला. पंचमी हाय."

ताई आईच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती. ती पिशवी तिला ओळखू आली होती. मग रागावल्यासारखी म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तुझं? एवढ्या उन्हात यायचं का?"

"उनाला म्या का भ्यावं?" आई म्हणाली. "आपन काय तसले हाय का?"

ताई फस्सकन हसली. हसता हसता तिने कणकेचे हात तोंडावर घेतले आणि मग तिला रडू आवरेना. मीही तिथेच रडले, सांगायला कसली लाज. गल्लीतली एक बाई खिडकीतून बघत होती, तिला बघू दिलं.

आवाज ऐकून दाजी बाहेर आले. आईला बघून ते जिथल्या तिथे थांबले, त्या दिवशी बाभळीखाली थांबले होते तसेच. आईने झटकन पदर डोक्यावर ओढून घेतला. जावयासमोर घेतात तसा. माझ्या नवऱ्यासमोर घेते तसा.

"पाव्हनं," आई म्हणाली, "लेकीला चार दिस गावाकडच्या घरी नेते. सन झाला की न्यायाला तुमीच या."

दाजींनी होकारार्थी मान हलवली.

"आन घरात या," आई म्हणाली. "नदीवरनं माघारी जाऊ नका. म्या चहा टाकून ठिवते."

ताई हात धुवून आपली पिशवी भरायला आत गेली.